पत्रपेटीवरचं दुसरं नाव

काकू,
गेल्या जूनमध्ये आम्ही दोघं पुण्याहून श्टुटगार्टला आलो. नवऱ्याला इथे एका कंपनीत नोकरी आहे, ऑफिसात सगळं इंग्रजीतच चालतं. मी एम.कॉम. सात वर्षं कोथरूडला एका सीएंकडे कामाला होते. जीएसटी, टीडीएस, टॅली, ऑडिटच्या दिवसांत रात्री दहा-दहापर्यंत. इथे आल्यापासून घरी आहे. दिवसभराचं काम म्हणजे स्वयंपाक, धुणं, कचऱ्याच्या डब्यांचं वेळापत्रक सांभाळणं आणि आलेल्या पत्रांवर मोबाइल धरून ती इंग्रजीत वाचणं. सगळी पत्रं नवऱ्याच्या नावाची. माझ्या नावाचं अजून एकही आलेलं नाही. करक्रमांकाचं यायला हवं होतं, तो म्हणतो, येईल. नोकरीचा विषय काढला की म्हणतो, तुझा पगार कराच्या पाचव्या वर्गात जाणार, निम्मा सरकारच घेणार, मग कशाला दगदग? रोज सकाळी आठला सासूबाईंचा व्हिडिओ कॉल येतो. "आज काय करणार?" मला उत्तर सुचत नाही. मागच्या आठवड्यात जिना झाडायची पाळी आमची होती, विसरले. खालच्या मजल्यावरच्या आजींनी दाराला चिठ्ठी लावली. ती वाचून मी तासभर रडत होते. एवढं रडण्यासारखं तिच्यात काही नव्हतं, हेही कळत होतं. आता पुण्याचे सर म्हणतायत, एप्रिलपासून परत ये, नाहीतर तिथे बसून ऑनलाइन काम कर, पगार इथल्या खात्यात टाकतो. नवरा वाईट नाही हो. पण तो इथे रुळला आणि मी नाही. परत जाऊ का?
(नाव छापू नका.)

*

बरं, नाव नाही छापत. पण आत्ता ऊठ, खाली जा आणि तुमच्या पत्रपेटीवर कुणाचं नाव आहे ते बघून ये. मग पुढचं वाच.

माझा अंदाज असा, की तिथे एकट्या नवऱ्याचं आडनाव असेल. तुझं पत्र ज्या ईमेलवरून आलं त्यात तुझं आडनाव माहेरचं दिसतं, म्हणजे पासपोर्टवरही तेच असणार. जर्मनीत पत्र फ्लॅट नंबरावर येत नाही, कारण बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबरच नसतो. रस्ता, घर क्रमांक आणि आडनाव, एवढ्यावर सगळा कारभार. आपल्याकडे पोस्टमन वॉचमनला विचारतो, वॉचमन इस्त्रीवाल्याला, आणि पत्र पोचतं. इथे पेटीवर आडनाव दिसलं नाही की पत्र आल्या पावली परत. जूनमध्ये तुम्ही पत्ता नोंदवलात, त्यानंतर काही आठवड्यांतच तुझा अकरा आकडी करक्रमांक निघाला असणार. तुमच्या इमारतीच्या दारापर्यंत येऊन माघारीही गेला असणार. तुझ्या बँकेचं, क्लासचं, आणखी कुणाकुणाचं काय काय असं परत गेलं असेल, देव जाणे.

तेव्हा पहिलं काम हे. घरमालकाला किंवा हाउसमाइस्टरला, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्या माणसाला, सांगून पेटीवर आणि खालच्या बेलवर दोन्ही आडनावांची पट्टी लावून घे. ती येईपर्यंत कागदावर ठळक लिहून सेलोटेपने चिकटव. क्रमांक पुन्हा मागवण्याचा अर्ज केंद्रीय कर कचेरीच्या संकेतस्थळावर आहे. फोनवर किंवा मेलवर तो सांगत नाहीत, परत पत्रच पाठवतात, म्हणून आधी पट्टी आणि मग अर्ज. नाव लागलं की कदाचित सगळ्यात आधी रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येईल, महिना १८.३६ युरो. दचकू नकोस. ती वर्गणी माणशी नाही, घरटी आहे. नवरा भरत असेल तर त्याचा वर्गणी क्रमांक कळवायचा, विषय संपला.

आता "तो रुळला आणि मी नाही" हे तुझं वाक्य. मला ते अजिबात पटलेलं नाही.

तुझा नवरा सकाळी इंग्रजी बोलणाऱ्या ऑफिसात जातो आणि संध्याकाळी मराठी बोलणाऱ्या घरात येतो. त्याची जर्मनी हिंजवडीपेक्षा फारशी वेगळी नाही, फक्त गाडी वेळेवर येते. (असं लिहिणार होते, पण मग श्टुटगार्टची एस-बान, म्हणजे इथली लोकल, आठवली.) कचऱ्याची पिवळी पिशवी कुठल्या वारी बाहेर ठेवायची, हीटरचं मीटर बघायला माणूस कधी येणार, कुठल्या पत्राला मुदतीत उत्तर दिलं नाही तर दंड बसतो, हे त्याला विचारून बघ. जर्मनीत तू राहते आहेस. तो नोकरीत राहतो.

हे मी अनुभवाने सांगते आहे. आम्ही २००१ मध्ये आलो. आयटीवाल्यांसाठी आदल्या वर्षी ग्रीन कार्ड निघालं होतं, त्यावर नवरा आला आणि त्याच्या मागून मी. पाकिटात अजून युरोच्या आधीचे मार्क होते आणि बायकोला लगेच काम करायची परवानगी नव्हती. क्लासात मला छोट्या पावाला ब्र्योटशन म्हणतात असं शिकवलं, बेकरीतली बाई मात्र वेकले वेकले म्हणत राहायची. ते दोन्ही एकच, हे कळायला मला दोन महिने लागले. आमच्या ह्यांना तीन वर्षांत यातला एकही शब्द माहीत नव्हता. एका शनिवारी मी तापाने पडले आणि त्यांना पाव आणायला पाठवलं. बोटाने दाखवून जे आणलं ते निघालं खसखशीचा गोड रोल. तापाच्या तोंडाला तो काय लागला म्हणून सांगू! तेव्हापासून शनिवारचा पाव त्यांच्याकडे आहे, तो आजतागायत.

म्हणून नवऱ्याकडे पहिलं मागणं हे कर, की पत्रं एकट्या तुझ्या गळ्यात नकोत. आठवड्यातून दोनदा, जेवणं झाली की टेबल पुसायचं, पत्रं मधोमध ठेवायची आणि दोघांनी वाचायची. मोबाइल त्यानेही धरायचा. "तुला दिवसभर वेळ असतो" असं तो म्हणेल. असतो, पण तो वेळ आता दुसरीकडे जाणार आहे, त्याकडे येतेच.

त्याआधी पाचव्या वर्गाचं. इथे मात्र मला तुझा राग आला. सात वर्षं लोकांचे टीडीएस कापलेस आणि हे ऐकून गप्प बसलीस? अगं, महिन्याच्या पगारातून जो कर इथे कापतात तो म्हणजे आपला पगारावरचा टीडीएस. शेवटचा हिशोब नव्हे. नवरा तिसऱ्या वर्गात आणि बायको पाचव्यात असली की दोघांची करमुक्त रकमेची सवलत त्याच्या पगाराला दर महिन्यालाच मिळून जाते. तिच्या वाट्याला काही उरत नाही, म्हणून तिच्या पगारातून कापलेली रक्कम डोळ्यांत खुपते. वर्ष संपल्यावर दोघांनी एकत्र विवरणपत्र भरलं की दोघांचं उत्पन्न एकत्र करतात, त्याचं निम्मं करतात, त्या निम्म्यावरचा कर काढून तो दुप्पट करतात. वर्ग तीन-पाच असोत की चार-चार, म्हणजे दोघंही चौथ्यात आणि सवलत आपापली, तो आकडा तोच येतो. वर्षभर पैसा कुणाच्या पगारपत्रकावर जास्त दिसला, एवढाच फरक. दोघंही पगारावर असताना तीन-पाच घेतलं तर विवरणपत्र भरणं सक्तीचंच आहे, हेही त्याला सांग.

चार-चार घेण्यात तुझा फायदा आहे. नोकरी सुटली तर मिळणारा भत्ता आणि मूल झाल्यावर मिळणारा एल्टर्नगेल्ड, हे दोन्ही हातात पडणाऱ्या पगाराच्या हिशोबाने ठरतात. तिथे पाचवा वर्ग नडतो, आणि तो बहुतेक घरांत बायकोलाच नडतो. तुझा पगार सुरू झाला की दोघांचा मिळून कर वाढेल हे खरं. आरोग्य, पेन्शन, बेकारी यांचे विमेही कापले जातील. पण ते पेन्शनचं खातं तुझ्या नावाचं असेल. त्यात साठ महिने भरले की म्हातारपणी थोडकं का होईना, तुझं स्वतःचं पेन्शन. "कशाला दगदग" या प्रश्नाला हे एक उत्तर पुरे आहे. आणि तुझं निवास कार्ड काढून बघ. नवरा ब्लू कार्डवर, म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदारांच्या निवास परवान्यावर असणार, त्याच्या बायकोला पहिल्या दिवसापासून कुठलंही काम करायची मुभा असते. कार्डावर तसं छापलेलं असतं, एरवेर्ब्सटेटिशकाइट एरलाउब्ट. मला हे दोन शब्द पासपोर्टात बघायला केवढी वाट पाहावी लागली होती!

सरांचं ऑनलाइन काम मात्र घेऊ नकोस. क्लायंट पुण्याचे, सर पुण्याचे, बँक खातं पुण्याचं, पण खुर्ची श्टुटगार्टची. तू जर्मनीत राहतेस, जर्मनीत बसून काम करतेस, म्हणजे त्या पगारावर कराचा हक्क जर्मनीचा. सामाजिक विम्याचा प्रश्नही लगेच उभा राहतो, आणि तो सरांच्या दारातही जाऊन पोचतो. शिवाय नवरा सरकारी आरोग्य विम्यात असेल तर आज तुझा विमा त्याच्या विम्यात वेगळा हप्ता न भरता चालू आहे. तुझी कमाई ठरलेल्या मर्यादेपुढे गेली की ती सोय बंद. हौसेखातर हात मोकळा करायचा तर इथली मिनीजॉब, म्हणजे थोड्या पगाराची छोटी नोकरी घे. २०२६ मध्ये महिन्याला ६०३ युरोंपर्यंत ती चालते आणि विम्याला धक्का लागत नाही. पण तुझ्यासारखीने फार दिवस त्यात अडकू नये.

तुझ्या कामाला इथे जागा आहे. कर सल्लागारांच्या कचेऱ्या माणसं मिळत नाहीत म्हणून रडत असतात. तुला टॅली येतं, इथे दाटेफ चालतं, ते तू महिन्याभरात उचलशील. अडतं ते भाषेपाशी. ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला व्हिसासाठी ए१ची, म्हणजे जर्मन भाषेच्या पहिल्या पातळीची अट नाही. सगळ्यांना ती सवलत वाटते, मला ती पुढे महाग पडणारी वाटते, कारण नवीन नवरी विमानातून उतरते तीच मुकी होऊन. शून्यापासून बी१पर्यंत, म्हणजे तिसऱ्या पातळीपर्यंत, सरकारी अभ्यासक्रमात पंचेचाळीस मिनिटांचे ६०० तास धरतात. रोज चार तास धरलेस तर सात महिने. कचेरीत बसून काम करायला त्यापुढचं बी२ लागेल. म्हणजे पुढचा उन्हाळा येईल तोवर तू अर्ज करायच्या तयारीत असशील. रोटेब्यूलप्लात्सला फोल्क्सहोखशूले, म्हणजे मोठ्या माणसांची सार्वजनिक शाळा आहे, तिथे पातळी तपासून वर्गात बसवतात. क्लास सुटल्यावर थेट घरी जाऊ नकोस. मायलेंडर प्लात्सवरच्या मोठ्या पांढऱ्या ग्रंथालयात जा, सोमवार ते शनिवार रात्री नऊपर्यंत उघडं असतं. ऊब फुकट, टेबल फुकट, आणि शेजारी तुझ्यासारखीच दहा माणसं व्याकरणाशी झटापट करत बसलेली.

नवऱ्यालाही त्याच शाळेत घाल. तो ऐकणार नाही असं वाटत असेल तर हा आकडा सांग. ब्लू कार्डवाल्याला बी१ असेल तर २१ महिन्यांनी कायमचा निवास मिळू शकतो, नुसतं ए१ असेल तर २७ महिने थांबावं लागतं. आयटीतल्या माणसाला सहा महिन्यांची बचत लगेच कळते. एक सांगते, त्याच्याही पोटात भीती असणार. परवाना नोकरीला बांधलेला, घरी आईवडिलांना सगळं छान चाललंय असं सांगून बसलेला. "कशाला दगदग" हे आळसातून आलंय की त्या भीतीतून, ते तू विचार. मला इथून दिसत नाही.

सासूबाईंचा कॉल. हिवाळ्यात इथल्या सकाळी आठला तिथे साडेबारा वाजलेले असतात, त्यांचं जेवण व्हायचं असतं, वेळ असतो. त्या वाईट हेतूने विचारत नाहीत. पण रोज सकाळी कुणी "आज काय करणार?" म्हटलं की सुट्टीवरचा माणूसही गोंधळेल. आई त्याची आहे, कॉल त्याने लावावा, रविवारी, दोघं शेजारी बसून. मधल्या दिवसांत तू दोन ओळींचा निरोप टाक. क्लास सुरू झाला की सकाळी आठला तू घरी नसशीलच.

आणि आता त्या आजी. जिना झाडायच्या पाळीचा इथला शब्द बघ, केरवोखे. यातला केर आपलाच वाटतो ना? केरन म्हणजे झाडणं, वोखे म्हणजे आठवडा. श्टुटगार्टच्या १४९२ सालच्या नियमांत दर आठवड्याला घाण गावाबाहेर नेण्याचं कलम होतं, तेव्हापासूनचं हे वेड. या गावात माणसाची पारख त्याच्या जिन्यावरून होते. खरं सांगू? सदाशिव पेठेतून आलेल्या माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. दाराला चिठ्ठी लावणं म्हणजे तर आपली पाट्यांची परंपरा. आजींनी तुला शिवी दिलेली नाही, भाडेकरू म्हणून हिशोबात धरलंय. एखाद्या दुपारी वाटीभर रव्याचे लाडू घेऊन खाली जा. त्या वाटी हातात घेऊन संशयाने बघतील, ते चालतं. त्यांना एवढंच विचार, की छोट्या पाळीत फक्त आपला जिना येतो का, आणि मोठ्या पाळीत तळघर, फुटपाथ आणि बर्फही येतो का. कुठल्याही श्वाबी, म्हणजे या भागातल्या माणसाला याहून आवडता विषय नाही. अर्धा तास बोलतील, तुला त्यातलं चार आणे कळेल. पुढच्या वेळी सहा आणे.

त्या तासभर रडण्याला मी हसत नाही. डिसेंबर-जानेवारीत इथे सकाळी आठला अंधार आणि साडेचार-पाचला पुन्हा अंधार. पुण्याच्या उन्हात वाढलेल्या माणसाला ते अंगावर येतं. रोज बाहेर पड, दुपारी, उजेड असताना, पावसातसुद्धा. पण झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, रडू रोजचंच झालं असेल, तर हाउसआर्ट्स्टकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे जा आणि स्पष्ट सांग. विमा आहे, इंग्रजी बोलणारे डॉक्टर या शहरात मिळतात. यात लाजण्यासारखं काही नाही, आणि हे नवऱ्यालाही माहीत असलं पाहिजे.

परत जाऊ का, या प्रश्नाला माझं उत्तर: एप्रिलमध्ये नाही. फेब्रुवारीच्या अंधारात ठरवलेलं काही मी धरत नाही, माझं स्वतःचंही नाही. सरांना लिही की या वर्षी जमणार नाही, पण ऑडिटच्या दिवसांत माझी आठवण येऊ द्या. मनातून माहेरची ओढ असेल तर पाच-सहा आठवडे जाऊन ये. त्याने परवान्याला काही होत नाही. ब्लू कार्डवाल्याच्या कुटुंबाला बारा महिन्यांपर्यंत बाहेर राहता येतं. त्याहून लांबवायचं झालं तर आधी परदेशी नागरिकांच्या कचेरीत लेखी विचार. बी१ची परीक्षा दिलीस, पाच-दहा अर्ज टाकलेस आणि तरीही कोथरूडचं ऑफिसच डोळ्यासमोर येत असेल, तर खुशाल जा. तेव्हा मी अडवणार नाही. मात्र ते दोघांनी समोरासमोर बसून ठरवा. तू रुसून गेलीस आणि तो रागावून राहिला, असं नको.

(मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८पासून भगिनी शहरं आहेत म्हणे. तू मुंबईची असतीस तर तुला मावशीकडे आल्यासारखं वाटायला हवं होतं. पुणेकरांची सोय त्यात कुणी केलेली दिसत नाही.)

शेवटचं एक. ज्याची पाळी त्याच्या दाराला लागणारी केरवोखेची लाकडी पाटी फिरत फिरत पुन्हा तुमच्या दारावर येईल, तेव्हा तू क्लासला जा आणि शनिवारी सकाळी जिना त्याला झाडू दे. पुसायला बादली आणि फडकं तळघरात कुठल्या कोपऱ्यात असतं, ते मात्र त्याला तुलाच दाखवावं लागेल.